बाबासाहेबांचा जीवनपट गावच्या भिंतीवर मांडताना

जयंतीच्या फलकावर बहुतेक गावांत चार गोष्टी असतात: जन्मतारीख, पदव्यांची रांग, हातात संविधान घेतलेले चित्र आणि महापरिनिर्वाणाचा दिवस. मधली चाळीस वर्षे गळून पडतात. त्या चाळीस वर्षांत बाबासाहेब एकाच वेळी अभ्यासक होते आणि राजकारणी होते, आणि अभ्यासात जे हाती लागले ते त्यांनी विधिमंडळात, परिषदेत, कोर्टात वापरले. वाचनालयात, समाजमंदिरात किंवा शाळेच्या हॉलमध्ये जीवनपट मांडायचा असेल तर हे दोन्ही धागे शेजारी दिसले पाहिजेत. कोकणात मांडायचा असेल तर जमिनीचा प्रश्न भिंतीच्या मध्यावर हवा. खोती, म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मधला खोताचा हक्क, रद्द करण्याचे त्यांचे विधेयक याच किनाऱ्यावरच्या कुळांसाठी होते, आणि आपल्याकडच्याच फलकांवर ते सहसा सापडत नाही.

वेळ आणि जागा

१४ एप्रिलसाठी काम फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा. दहा आठवडे लागतात: मजकुराला चार, तपासणीला दोन, मांडणीला दोन, छपाईला एक आणि शेवटचा आठवडा अडीअडचणींसाठी राखून. मध्ये शिमगा येतो. पालखी घरोघर फिरत असताना गावातली तरुण पोरे प्रदर्शनाच्या कामाला मिळत नाहीत, आणि त्यात चूक काही नाही. म्हणून कच्चा मजकूर शिमग्याआधी लिहून झालेला असावा. तपासणी दोघा-तिघांत, घरी बसूनही होते. उलट एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईचे चाकरमानी येऊ लागतात, तेव्हा फलक टांगायला हात भरपूर असतात. कामाची विभागणी या हिशेबाने करा.

सोळा फलक पुरेसे. प्रत्येक फलक दोन फूट रुंद, तीन फूट उंच. दोन फलकांत अर्धा फूट मोकळी जागा धरली तर चाळीस फूट भिंत लागते. एवढी सलग भिंत क्वचित मिळते. अठरा आणि बावीस फुटांच्या दोन भिंती चालतात, पण कोपरा सातव्या-आठव्या फलकाच्या मध्ये येईल असे पाहा. महाड एका भिंतीवर संपते आणि विधिमंडळ दुसऱ्या भिंतीवर सुरू होते, हे वळण चांगले जुळते.

प्रत्येक फलकाचे दोन पट्टे

फलकाच्या वरच्या अर्ध्या भागात अभ्यास आणि अध्यापन, खालच्या अर्ध्यात सार्वजनिक जीवन. वरचा पट्टा पांढरा, खालचा फिकट निळा. प्रत्येक पट्ट्यात पन्नास शब्द, त्याहून जास्त नाही. सोळा फलकांचे मिळून सोळाशे शब्द होतात. उभ्याने वाचणारा माणूस पंधरा-वीस मिनिटांत संपवतो. याहून मजकूर वाढला की लोक पहिले चार फलक वाचतात आणि उरलेल्यांपुढून फोटो बघत जातात.

काही फलकांवर एक पट्टा रिकामा राहील. तो भरायला इकडचे तिकडचे वाक्य घालू नका, तिथे मोठा फोटो किंवा नकाशा येऊ द्या.

पहिला फलक गावांचा. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे मूळ गाव, महू हे जन्मठिकाण, दापोली हे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब काही काळ राहिले ते ठिकाण. तिन्ही ठिकाणे एका नकाशावर दाखवा. बाबासाहेबांचा जन्म आंबडव्याला झाला असा समज आपल्याकडे अजूनही आढळतो, तो नकाशाने जातो. महूच्या नावापुढे 'आताचा मध्य प्रदेश' असे लिहा. 'मध्य प्रांत' लिहू नका, कारण महूची छावणी इंदूर संस्थानाच्या मुलखात होती.

दुसरा सातारा आणि मुंबईचा: ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत प्रवेश, रजिस्टरात नाव 'भिवा रामजी आंबेडकर'. मग एल्फिन्स्टन हायस्कूल, १९०७ची मॅट्रिक, एल्फिन्स्टन कॉलेज, १९१२ची बी.ए. तिसरा न्यूयॉर्कचा, चौथा पहिली लंडनवारी, सिडनहॅम कॉलेज आणि 'मूकनायक' यांचा, पाचवा पुन्हा लंडनचा. सहावा-सातवा महाड. आठवा मुंबई विधिमंडळ, नववा गोलमेज परिषद आणि पुणे करार, दहावा रमाबाई. अकरा आणि बारा खोतीचे. तेरावा मजूर खाते आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटी. चौदा-पंधरा संविधान सभा. सोळावा हिंदू कोड, राज्यसभा आणि नागपूर.

रमाबाईंचा फलक वेगळा ठेवा. वणंद हे त्यांचे गाव दापोली तालुक्यातच आहे. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. ही माहिती दाभोळच्या खाडीवरच्या माणसाला जितकी जवळची वाटते तितकी दुसरी कुठलीही वाटत नाही. पाच मुलांपैकी यशवंतराव एकटेच जगले, आणि २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात रमाबाई गेल्या. त्याच फलकाच्या वरच्या पट्ट्यात बाबासाहेब त्या वर्षी सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले हे येते. दोन्ही नोंदी एकाखाली एक आल्या की बघणारा काही क्षण थांबतो. त्यावर भाष्याची गरज नाही.

तारखा: इथेच सर्वाधिक चुका होतात

एका फलकावर पीएच.डी. १९१६, दुसऱ्यावर १९१७, तिसऱ्यावर १९२७ दिसते. चूक निष्काळजीपणाची नसते, प्रक्रिया माहीत नसते म्हणून होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. एम.ए. १९१५ मध्ये झाली. ९ मे १९१६ रोजी त्यांनी गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. डॉक्टरेटचा प्रबंधही त्याच काळातला. पण कोलंबियाचा नियम असा की छापील प्रत सादर झाल्याशिवाय पदवी नाही. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये छापला गेला आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली. म्हणून फलकावर दोन ओळी लिहा: 'प्रबंधाचे काम १९१६' आणि 'पदवी प्रदान १९२७'. 'पीएच.डी. १९१६' असे लिहिले तर जाणकार हटकतो. नुसते '१९२७' लिहिले तर पदव्यांचा क्रमच उलटा वाटतो, कारण लंडनच्या पदव्या त्याआधीच्या आहेत: एम.एस्सी. १९२१, बॅरिस्टरीची सनद ग्रेज इनमधून १९२२, डी.एस्सी. १९२३. शेवटच्या पदवीचा विषय होता रुपयाचा प्रश्न.

लंडनवाऱ्या दोन आहेत हेही पुष्कळदा निसटते. पहिली ऑक्टोबर १९१६ ते १९१७. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अर्धवट सोडून परतावे लागले. मग बडोद्याची नोकरी, तिथला जाच, आणि नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापकपद. याच मुदतीत, ३१ जानेवारी १९२० रोजी, 'मूकनायक' सुरू झाला; शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. माणगाव परिषद २१ आणि २२ मार्च १९२०. त्यानंतर दुसरी लंडनवारी. चौथा आणि पाचवा फलक वेगळे ठेवण्याचे कारण हेच.

माणगावाबाबत सावध राहा. ही परिषद कोल्हापूर संस्थानातल्या माणगावची. आपल्याकडे रायगडातही माणगाव आहे, शिवाय तो महाडचा शेजारी तालुका. नकाशावर खूण तिकडे करणारे कितीतरी आढळतात.

जिल्ह्यांची नावेही तपासा. महाड त्या वेळी कुलाबा जिल्ह्यात होते. कुलाब्याचे रायगड १९८१ मध्ये झाले, आणि सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून त्याच वर्षी वेगळा निघाला. म्हणून '१९२७, महाड, रायगड जिल्हा' असे न लिहिता 'महाड, तेव्हाचा कुलाबा जिल्हा' असे लिहा. खोतीच्या फलकावर 'रत्नागिरी जिल्हा' म्हणताना त्यात आजचे मालवण, वेंगुर्लेही येतात, हे एका ओळीत सांगा.

महाडच्या दोन घटना एकमेकींत मिसळतात. १९ आणि २० मार्च १९२७ला परिषद झाली, २० मार्चला चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. तेव्हा कोर्टाच्या मनाईहुकुमामुळे तळ्यावरचा सत्याग्रह पुढे ढकलावा लागला होता. डिसेंबरात पाणी प्यायल्याचे लिहिले तर ती चूक. आणि हा फलक मार्च १९२७ पासून सुरू करू नका. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्यानुसार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे मार्च १९२७ला लोक तळ्यावर गेले ते कागदावर आधीच मिळालेला हक्क वापरायला. हाणामारीनंतर त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला. दिवाणी दावा दहा वर्षे चालून मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. ठराव, कृती, दावा, निकाल या चार पायऱ्या सातव्या फलकावर खाली-वर मांडल्या की विधिमंडळ आणि रस्ता यांचा संबंध शाळकरी मुलालाही कळतो.

खोतीचे दोन फलक

इथे घाई करू नका. पन्नास शब्दांची मर्यादा या दोन फलकांपुरती सत्तरपर्यंत वाढवली तरी चालेल.

अकराव्या फलकाच्या वरच्या पट्ट्यात १९१८चा निबंध घ्या. सिडनहॅमला रुजू झाले त्याच वर्षी बाबासाहेबांनी भारतातल्या लहान शेतांच्या प्रश्नावर निबंध प्रसिद्ध केला. मुद्दा असा: शेत लहान की मोठे हे नुसत्या गुंठ्यांवरून ठरत नाही, त्यावर भांडवल, अवजारे आणि राबणारे हात किती यावरून ठरते. जमिनीवर पोट भरणारी माणसेच फार असतील तर बांध पुसून, तुकडे जोडून भागत नाही. काही हातांना शेतीबाहेर, उद्योगात काम मिळाले पाहिजे. वरकस जमिनीचे चार तुकडे आणि मुंबईच्या गिरणीतली मनिऑर्डर यांवर दोन पिढ्या काढलेल्या कोकणी घराला हे समजावून सांगावे लागत नाही. याच्या खालच्या पट्ट्यात १९२७: मुंबई विधिमंडळात जमिनीचे तुकडे रोखण्याचे विधेयक आले, आणि बाबासाहेबांनी हाच युक्तिवाद घेऊन त्याला विरोध केला. वरून खाली एक बाण काढा. प्राध्यापकाचा निबंध आमदाराच्या भाषणात कसा उतरला ते इथे एका नजरेत दिसते.

बारावा फलक विधेयकाचा. आधी खोती म्हणजे काय ते दोन वाक्यांत, कारण तिशीतल्या माणसाला 'खोत' हे आता फक्त आडनाव वाटते. सरकार आणि कसणारा यांच्या मध्ये खोत. तो गावाचा धारा, म्हणजे जमीन महसूल, सरकारात भरी आणि कुळाकडून पिकाचा वाटा किंवा ठरलेला मक्ता घेई. वाटा निम्मा असला तर अर्धेल, तिसरा हिस्सा असला तर तिर्धेल. सरकारी धाऱ्याच्या वर खोताला राही तो खोती फायदा. वाट्यापलीकडे वेठही असे.

मग घटना, क्रमाने. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ला नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जमीन न कसण्याचा संप पुकारला. तो १९३९ पर्यंत चालला. १५ ऑगस्ट १९३६ला स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना. १७ सप्टेंबर १९३७ला मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक. त्यात तीन गोष्टी होत्या: खोताचा मधला हक्क संपवणे, त्याबद्दल खोताला वाजवी भरपाई, आणि कसणाऱ्याला १८७९च्या जमीन महसूल कायद्याखाली थेट सरकारी खातेदाराचा दर्जा. १० जानेवारी १९३८ रोजी वीस हजारांच्या आसपास शेतकरी मुंबईत विधिमंडळावर मोर्चाने गेले.

विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. 'बाबासाहेबांनी खोती रद्द केली' असे लिहिण्याचा मोह होतो, तो टाळा. खोती निर्मूलनाचा कायदा १९४९चा, अंमल १९५० पासून. कूळ कायदे १९३९ आणि १९४८चे. आधीच्या रेट्याचा वाटा त्यात मोठा आहे. तारखा खऱ्या ठेवल्या तरी तो पुरेसा दिसतो.

भरपाईची तरतूद वगळू नका. गावात खोतांची घरेही आहेत, तीही प्रदर्शन पाहायला येतील. विधेयक व्यवस्थेविरुद्ध होते, घरांविरुद्ध नव्हते. हे लोकांना पटवायला भाषण लागत नाही, ते एक कलम पुरते.

घरातले कागद

या दोन फलकांसमोर एक टेबल ठेवा आणि गावातल्या कागदांच्या प्रती मांडा: कुळांनी खोताला लिहून दिलेल्या कबुलायती, धाऱ्याच्या पावत्या, जुने फेरफार, बोटखताचे (खोती गावातल्या जमीन-कुळांच्या नोंदींचे) उतारे. मूळ कागद कोणाकडून घेऊ नका. पडवीत सावलीला पांढऱ्या चादरीवर ठेवून मोबाईलने फोटो काढा. फ्लॅश बंद, मोबाईल कागदाला समांतर, शेजारी पट्टी ठेवलेली, म्हणजे आकार कळतो. घडीवर फाटत आलेला कागद उलगडण्याचा हट्ट धरू नका. सेलोटेपने तर चिकटवूच नका. कोकणच्या दमट हवेत त्याचा गोंद वर्ष-दोन वर्षांत पिवळा पडून शाई खातो.

बरेच कागद मोडीत निघतील. मोडी वाचणारा माणूस मिळेपर्यंत खाली अंदाजे मजकूर लिहू नका. 'मोडी कागद, अमुक घरातून' एवढे पुरे. कुळाचे, खोताचे, सावकाराचे नाव असेल तर प्रतीवर ते झाका. वंशज गावातच असतात, काहींचे दावे अजून तहसीलदाराकडे असतात. कागद द्यायला तयार झालेल्या घराकडून लेखी संमती घ्या आणि एक प्रत त्या घराला परत द्या.

संविधान सभेचे फलक

चौदाव्या फलकावर निवडणूक. बाबासाहेब १९४६ मध्ये बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले. बंगालमधले दलित नेते जोगेंद्रनाथ मंडल यांचे साहाय्य त्यात मोलाचे होते. फाळणीने ती जागा गेली, आणि जुलै १९४७ मध्ये ते मुंबई प्रांतातून पुन्हा निवडून आले. स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री, आणि २९ ऑगस्ट १९४७ पासून मसुदा समितीचे अध्यक्ष. वरच्या पट्ट्यात इथे प्रांतिक वित्ताचा प्रबंध पुन्हा आणा: केंद्र आणि प्रांत यांच्यात पैसा कसा वाटला जावा हा त्यांचा विद्यार्थिदशेपासूनचा विषय.

पंधराव्यावर काम. ४ नोव्हेंबर १९४८ला त्यांनी मसुदा सभेपुढे चर्चेसाठी मांडला, त्यात ३१५ कलमे आणि ८ परिशिष्टे होती. २६ नोव्हेंबर १९४९ला स्वीकारले तेव्हा ३९५ कलमे आणि ८ परिशिष्टे. दुरुस्तीसूचना ७,६३५ आल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. 'एकट्याने लिहिले' आणि 'नुसते अध्यक्ष होते' ही दोन्ही टोके चुकीची. समितीत सात जण होते. समितीतलेच टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी सभेतच सांगितले, की कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी परदेशी होते, कोणी इतर कामांत अडकले, आणि भार शेवटी आंबेडकरांवर पडला. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात सभेचे घटनात्मक सल्लागार बी. एन. राव आणि मुख्य मसुदालेखक एस. एन. मुखर्जी यांचे श्रेय आवर्जून नोंदवले. दोन्ही नोंदी शेजारी छापा. कोणी वाद घालायला उभा राहिला तर फलकाकडे बोट दाखवायचे.

तेराव्या फलकावर एक शब्द जपून वापरा. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. 'मजूरमंत्री' हे बोलीतले रूप आहे, फलकावर पद नेमके लिहा. त्याच फलकाच्या वरच्या पट्ट्यात ८ जुलै १९४५ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज. रात्रंदिवस सरकारी काम चालू असताना शिक्षक म्हणून त्यांनी कॉलेज उभे केले, ही गोष्ट ठळक अक्षरांत येऊ द्या.

सोळाव्यावर हिंदू कोड बिल रखडले म्हणून सप्टेंबर १९५१ मधला मंत्रिपदाचा राजीनामा, १९५२च्या लोकसभा निवडणुकीतला मुंबईतला पराभव आणि १९५४चा भंडाऱ्याचा पराभव. हे पराभव लपवू नका. १९५२ पासून अखेरपर्यंत राज्यसभा. १४ ऑक्टोबर १९५६ नागपूरची धम्मदीक्षा, ६ डिसेंबर १९५६ दिल्लीत महापरिनिर्वाण, ७ डिसेंबरला मुंबईत दादरला अंत्यसंस्कार. वरच्या पट्ट्यात कोलंबियाची १९५२ची आणि उस्मानिया विद्यापीठाची १९५३ची सन्माननीय पदवी.

उद्धरणे

जे वाक्य कुठल्या भाषणातले, कुठल्या तारखेचे ते सांगता येत नाही, ते फलकावर नको, कितीही आवडते असले तरी. महाराष्ट्र शासनाने काढलेले लेखन आणि भाषणांचे खंड तालुक्याच्या वाचनालयात मिळतात. खंड २ मध्ये मुंबई विधिमंडळातली भाषणे आणि गोलमेज परिषद, खंड ६ मध्ये अर्थशास्त्र, १० मध्ये मजूर खात्याचा काळ, १३ मध्ये संविधान सभा, १४ मध्ये हिंदू कोड. वाक्य तिथून उचला आणि खंड-पान मागच्या वहीत टिपून ठेवा. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' ही घोषणा सर्वांच्या तोंडी आहे. १९४२च्या नागपूर परिषदेतल्या इंग्रजी भाषणात क्रम शिका, चळवळ करा, संघटित व्हा असा आहे. घोषणा घोषणा म्हणून कमानीवर लावा, अवतरणचिन्हांत घालून तारीख देऊ नका.

अक्षरे आणि छपाई

मजकूर ४० पॉइंट, शीर्षक १२०, फोटोखालची ओळ २८. चार-पाच फुटांवरून चष्मेवाल्या आजोबांना ४० पॉइंट वाचता येते, त्याखाली नाही. गडद निळ्यावर पांढरी बारीक अक्षरे टाळा. खालचा पट्टा फिकटच हवा.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. फ्लेक्सच्या दुकानात तो जुन्या फॉन्टमध्ये बदलला जातो आणि तिथेच वेलांट्या सरकतात, रफार पुढच्या अक्षरावर जातो, 'दुसऱ्या'चा 'दुसर्‍या' किंवा नुसताच चौकोन होतो, 'ऑक्टोबर'मधला चंद्र गळतो. यावर उपाय एकच: फाइल स्वतः पीडीएफ करून, अक्षरांचे कर्व्ह करून द्या, आणि दुकानात छपाईआधी पडद्यावर पाच शब्द शोधून पाहा: दुसऱ्या, ऑक्टोबर, विद्यार्थी, सिद्धार्थ, दीक्षाभूमी. हे पाच नीट असले तर बाकीचे सहसा नीट असते. दोन जणांनी मजकूर उलटा, शेवटच्या फलकापासून पहिल्याकडे वाचावा. सरळ वाचताना डोळा वर्ष आपोआप बरोबर करून घेतो.

फोटो आठ बाय दहा इंचांत छापायचा तर १२०० बाय १५०० पिक्सेल तरी हवेत. व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की दबतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. संगणकाने रंगवलेले, चेहरा गुळगुळीत केलेले फोटो घेऊ नका.

छपाई मॅट व्हिनाइलवर करून ५ मिलिमीटरच्या सनबोर्डवर चिकटवून घ्या. ३ मिलिमीटरचा एप्रिलच्या उकाड्यात दोन दिवसांत वाकतो. नुसता फ्लेक्स कडेने वळतो आणि चमकतो.

टांगणे

चिऱ्याच्या भिंतीला डबल टेप धरत नाही. गिलाव्याचा चुना टेपसकट सुटतो आणि फलक रात्री खाली येतो. चिऱ्यात खिळा मारला तर कड फुटते, म्हणून खिळा दरजेत मारा. आठ फुटांच्या पाच रिपा, जमिनीपासून साडेसहा फुटांवर एका रेषेत. पातळी पाण्याच्या नळीने घ्या. प्रत्येक फलकाला वर दोन मोठ्या क्लिपा, त्यातून सुतळी, तीन इंच खाली. फलकाचा मध्य चार फूट नऊ इंचांवर येतो. शाळेत मांडत असाल तर रिपा अर्धा फूट खाली घ्या. वर-खाली मिळून क्लिपा चौसष्ट लागतात, ऐंशी आणा.

दुपारनंतर समुद्रावरचा वारा सुरू झाला की फलक भिंतीवर आपटू लागतात. खालच्या कडेला दोन क्लिपा आणि आडवी नायलॉनची दोरी ताणून बांधा. पश्चिमेच्या खिडकीसमोर फलक आला तर उन्हाने निळा रंग आठवड्यात उडतो. तिथे टेबल ठेवा.

नंतर

मिरगाच्या आधी फलक उतरवून कोरड्या फडक्याने पुसा, दोन फलकांमध्ये वर्तमानपत्र घाला, छपाईची शाई चिकटणार नाही अशी कोरडी पाने निवडा. सगळे प्लॅस्टिकमध्ये गच्च बांधू नका. आतला दमट वारा बाहेर जायला जागा राहिली नाही तर श्रावणापर्यंत बुरशी येते. कौलाखालच्या माळ्यावर नकोत, जमिनीवर नकोत. भिंतीपासून हातभर लांब, लाकडी पाटांवर उभे ठेवा, पाटांच्या पायांखाली वाळवीसाठी जळके तेल. गणपतीत एकदा बाहेर काढून दिवसभर ऊन नव्हे, सावलीतला वारा द्या. ६ डिसेंबरला तेच फलक पुन्हा टांगता येतात. तोवर गावातून आलेल्या दुरुस्त्या वहीत जमल्या असतील, त्या पट्टीवर छापून चुकीच्या ओळीवर चिकटवा.